काठावर उभं राहायचं की बापाला खांद्यावर घ्यायचं? (रोमन कवी आणि जगायची रीत)

ओसरीवरचा (धागाकर्ता)

मंडळी, गेले चार-पाच महिने एक नाद लागलाय. रात्री जेवणं आटोपली की अर्धा-पाऊण तास जुने रोमन कवी वाचत बसतो. लॅटिन येत नाही, इंग्रजी भाषांतरांवर भागवतो, एकाच उताऱ्याची दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून. त्यातली दोन चित्रं डोक्यातून जाईनात म्हणून हा धागा.

पहिलं ल्युक्रेशियसचं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला माणूस, एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचा कट्टर चेला. सहा भागांची, जवळजवळ ७४०० ओळींची एकच कविता मागे ठेवली आणि विषय काय तर अणू, पोकळी, आत्मा, मरण, वीज का चमकते! दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला म्हणतो की समुद्र खवळलाय, कुणीतरी बिचारा त्यात गटांगळ्या खातोय आणि आपण काठावरून बघतोय, हे बघणं गोड आहे. मग लगेच सारवासारव, की दुसऱ्याचे हाल गोड नाहीत हो, आपण त्यातून सुटलोय हे गोड. म्हणजे लोक पद, पैसा, मानमरातब यांच्यामागे ऊर फुटेस्तोवर धावतायत आणि शहाणा वर निवांत बसलाय.

दुसरं व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्यातलं. ट्रॉय जळतंय. नायक इनियस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो, पोराचा हात धरतो, पोराची पावलं लहान म्हणून ते दुडूदुडू मागे पळतंय. आणि इथून पुढे बारा सर्ग संपेपर्यंत हा बाबा स्वतःला हवं ते जवळजवळ काहीच करत नाही. देव, बाप, पोरगा, अजून न वसलेलं शहर, सगळ्यांचं देणं फेडत फिरतो.

तर प्रश्न असा की तुम्ही कोण? प्रामाणिकपणे सांगा. मी ५३ वर्षांचा, ऑफिसात व्हीआरएसचा फॉर्म फिरतोय, घरी ८४ वर्षांचे वडील. म्हणजे प्रश्न अगदीच पुस्तकी नाही.

कैरीचं पन्हं

रुमाल टाकून ठेवते. स्वयंपाक उरकून येते, इनियसबद्दल बरंच बोलायचंय आणि चांगलं बोलायचं नाहीये.

उंटावरचा शहाणा

माझं मत तिसऱ्या उमेदवाराला. होरेस! इसपू ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत ब्रूटसच्या बाजूने लढायला गेला, तिथे ढाल टाकून पळाला आणि वर ते कवितेत स्वतःच लिहून ठेवलं. पुढे मिसीनस नावाच्या बड्या आश्रयदात्याने सॅबाइन डोंगरात शेत-घर दिलं, तिथे बसून कविता. एका पत्रात मित्राला लिहितो, हसावंसं वाटलं तर ये मला बघायला, छान गुबगुबीत झालोय, एपिक्युरसच्या कळपातलं डुक्कर! असा माणूस मला झेपतो. बाकीचे दोघं फार सिरीयस आहेत राव.

हिशोबनीस

शहाणे, शेत-घर दिलं म्हणालात ते बरं केलंत. व्यवसायाने मी हिशोब तपासतो त्यामुळे नजर तिकडेच जाते. त्याच होरेसची एक सटायर म्हणजे उपहासकविता आहे (दुसऱ्या पुस्तकातली सातवी). डिसेंबरातला सॅटर्नेलियाचा सण, त्यात गुलामांना तोंड उघडायची मुभा. त्याचा गुलाम डेव्हस मालकाला आरसा दाखवतो. रोममध्ये असलात की गाव गाव करता, गावात असलात की शहराचे गोडवे. जेवणाचं आमंत्रण नसलं की आपली भाजीभाकरी किती सुखाची म्हणून सांगता आणि दिवेलागणीला मिसीनसचा निरोप आला की "तेल आणा लवकर, कुणी ऐकतंय का!" म्हणून घर डोक्यावर घेऊन पळत सुटता. सांगा आता गुलाम कोण?

यावर होरेसचं उत्तर काय तर दगड कुठाय माझा, चालता हो, नाहीतर सॅबाइन शेतावर नववा गडी म्हणून पाठवीन. नववा! म्हणजे आठ आधीच राबतायत. निवांतपणाचा ताळेबंद हा असा. त्यात होरेसचा बाप स्वतः कधीकाळी गुलाम होता हे लक्षात घ्या. काठावरून समुद्र बघायला काठाची जागा आधी कुणाच्या तरी नावावर लागते.

सुपारीलवंग

एपिक्युरस म्हणजे आपला चार्वाकच की. ऋण काढून तूप प्या. विषय संपला. (ह. घ्या.)

पिंपळपान

संपला नाही ओ, इथेच तर सगळे घसरतात.

साम्य आहे हे खरं. मेल्यावर काही उरत नाही, परलोक नाही, यज्ञ-बळी फुकट. पण चार्वाकांचं स्वतःचं लिखाण आपल्यापर्यंत फारसं पोचलंच नाही, तुपाची ती ओळसुद्धा त्यांच्या विरोधकांनी उद्धृत केली म्हणून माहीत. एपिक्युरसने मित्राला लिहिलं होतं की चीजची छोटी बरणी पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. हा माणूस पाव-पाण्यावर खूश. त्याच्या लेखी सुख म्हणजे दुखत नसणं आणि मनाला घोर नसणं. आणि देव आहेत असं तो मानतो, फक्त ते कुठेतरी लांब मजेत आहेत आणि तुमच्याआमच्या भानगडीत पडत नाहीत. ऋण काढलं असतं तर रात्री झोप नसती लागली त्याला.

ल्युक्रेशियसचं तर मजेशी फार सख्य नाहीच. त्याचा खरा शत्रू भीती. पहिल्या भागात तो इफिजिनियाचा बळी सांगतो (नाव इफियनासा असं वापरतो). लग्नाच्या वयाची मुलगी, लग्नाऐवजी वेदीकडे उचलून नेतायत, आणि समोर उभा तिचा बाप, स्वतः राजा. कशासाठी, तर जहाजांना वारा मिळावा म्हणून. धर्माने माणसाकडून इतकं वाईट करून घेतलं, अशी ती ओळ. ही "खा प्या" वाल्याची ओळ नव्हे.

सुपारीलवंग

बरं बाबा, तूप परत ठेवतो.

कैरीचं पन्हं

आले. आता ऐका.

धागाकर्त्यांनी बाप खांद्यावर, पोराचा हात हातात इतकं लिहिलं आणि थांबले. बायको कुठे आहे? क्रेउसा. तिला सांगितलंय मागून ये, अंतर ठेवून. ठरलेल्या जागी पोचल्यावर साहेब मागे वळून बघतात तर बायको नाही. वाटेत एकदाही वळून बघितलं नव्हतं, हे तो स्वतःच्याच तोंडाने सांगतो! परत शोधायला जातो हे कबूल, पण तोवर तिची सावलीच तेवढी भेटते. मग कार्थेजमध्ये तिथली राणी डायडो. तिथे शहर बांधायला मदत, एकत्र राहणं, सगळं झालं, आणि वरून निरोप आला की निघाला. "इटलीला मी माझ्या मर्जीने जात नाहीये." अहो मग सांगा ना तसं तिला आधी, गुपचूप जहाजं कसली तयार करताय?

कर्तव्य कर्तव्य म्हणतो त्याची किंमत प्रत्येक वेळी शेजारच्या बाईने दिलीये. मी ल्युक्रेशियसच्या काठावर उभी राहायला तयार आहे, निदान तो कुणाला मागून ये म्हणत नाही.

ओसरीवरचा

पन्हंताई, मुद्दा बिनतोड. क्रेउसाला मी पण मागेच सोडली की, लिहिताना लक्षातच आलं नाही.

पिंपळपान

ताई, तुमच्या बाजूने अजून एक साक्ष देतो. चौथ्या सर्गात इनियस देवाचा निरोप पुढे करतो तेव्हा डायडो उपहासाने म्हणते, हो ना, देवांना तेवढंच काम, याच काळजीने त्यांची शांती ढळते! देव शांत असतात आणि आपल्यात लक्ष घालत नाहीत, हे सरळ एपिक्युरसचं वाक्य. व्हर्जिल तरुणपणी नेपल्सला सायरो नावाच्या एपिक्युरियन गुरूकडे शिकला होता, हर्क्युलेनियमच्या जळक्या पपायरसांत फिलोडेमस या एपिक्युरियनाच्या लिखाणात व्हर्जिलचं नाव सापडलंय. म्हणजे स्वतःच्या जुन्या शाळेचं वाक्य त्याने हरणाऱ्या बाईच्या तोंडी घातलं. आता त्या गोष्टीत देव खरंच लक्ष घालतायत, म्हणून ती चुकते. पण वाचणाऱ्याचं काळीज तिच्याकडेच जातं.

त्याच सर्गात इनियसला ओक वृक्षाची उपमा आहे. वादळ त्याला गदागदा हलवतंय, पानं खाली पडतायत, पण मुळं हलत नाहीत. "मन अढळ राहतं, आसवं फुकट ओघळतात." अगदी स्टोइक चित्र, म्हणजे भावनांपुढे न डगमगणाऱ्या पंथाचं. गंमत अशी की आसवं कुणाची ते कवी सांगतच नाही. डायडोची, तिच्या बहिणीची, की त्याचीच? भांडणं चालू आहेत अजून.

तिसरी घंटा

वा! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोडी छाटणी

नमस्कार. मी निफाड तालुक्यातला, द्राक्षबागायतदार. कविता वगैरे फार नाही पण पोरीच्या पुस्तकात होरेसची ती 'कार्पे डिएम'वाली कविता भाषांतरात वाचली. सगळे त्याचा अर्थ आजचा दिवस झडप घालून पकडा असा सांगतात, टी-शर्टवर पण तेच. पण पोरीनं नेटवर शब्द शोधला तर तो म्हणे फळ-फूल खुडण्याचा. आणि त्याच कवितेत पुढं आहे की दारू गाळून घे आणि लांबलचक आशा छाटून आखूड कर. मला तिथंच पटलं की हा माणूस बागेत फिरलेला आहे. छाटणी म्हणजे वेलावर राग नसतो. जास्त डोळे ठेवले की घड बारीक पडतो, मग माल कोण घेतो? आमच्याकडं एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्हीला हात थरथरतो, पण मोह धरला की वर्ष गेलं. आशा सोड असं म्हणत नाही तो, मापात ठेव म्हणतो.

शब्द चुकला असेल तर माफी.

पिंपळपान

माफी कसली, धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद! पोरीला सांगा शब्द बरोबर शोधलाय. आणि हाच खुडण्याचा शब्द व्हर्जिलने 'जॉर्जिक्स' या शेतीवरच्या काव्याच्या दुसऱ्या भागात खऱ्याखुऱ्या द्राक्षवेलीसाठी वापरलाय. वेल कोवळी असताना कोयता लावू नका, बोटांनी पानं खुडा. पुढे ती आधाराच्या झाडाला घट्ट बिलगली की मग कडक व्हा आणि छाटा. तिथेच अजून एक सल्ला आहे: मोठ्या शेताचं कौतुक करा, कसायला लहानच घ्या.

गोडी छाटणी

हे बँकेचं कर्ज काढायच्या आधी सांगायचं ना साहेब.

हिशोबनीस

छाटणीभाऊ, होरेसच्या एका कवितेत एक जण शेतीसुखाचं इतकं सुंदर वर्णन करतो की वाटतं नोकरी सोडावी. बैल, मध, झऱ्याची झोप, सगळं. शेवटच्या चार ओळींत कळतं की बोलणारा आल्फियस नावाचा सावकार आहे. आता शेतकरीच होतो म्हणून महिन्याच्या मध्याला सगळी वसुली करतो आणि एक तारखेला तेच पैसे परत व्याजाने लावायला निघतो. ओसरीवरचे, फॉर्म भरण्याआधी ही वाचा.

तिसरी घंटा

स्टोइक लोकांची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. ल्युकनच्या यादवी युद्धावरच्या काव्यातला स्टोइक सेनापती केटो. लिबियाचं वाळवंट, सैन्य तहानेने अर्धमेलं. एका शिपायाने कुठूनतरी खरवडून शिरस्त्राणात थोडंसं पाणी आणलं, सगळ्यांच्या नजरा त्यावर. केटो म्हणतो, एवढ्या लोकांत मीच एक नेभळट दिसलो का तुला? आणि ते पाणी वाळूत ओतून देतो. कवी म्हणतो, ते पाणी सगळ्यांना पुरलं. अंगावर काटा येतो की नाही?

उंटावरचा शहाणा

काटा येतो, पण त्या शिपायाला देऊन टाकायचं ना! ओतलं कशाला. आमच्याकडे टँकरच्या रांगेत असं केलं तर केटोला लोक तुडवतील.

तिसरी घंटा

हाहा. पण पुढचं वाचा. नंतर भरपूर पाण्याचा झरा लागतो पण आजूबाजूला सापच साप, विष असेल म्हणून कुणी तोंड लावेना. तिथे केटो सांगतो की सापाचं विष रक्तात गेलं तर मारतं, पाण्यात नाही, आणि स्वतः सगळ्यांच्या आधी पितो. वाळवंटभर शेवटी पिणारा माणूस तेवढा एकदाच पहिला. हे मला ओतण्यापेक्षा मोठं वाटतं.

आणि हे लिहिणारा ल्युकन म्हणजे सेनेकाचा पुतण्या. इस ६५ मध्ये नीरोविरुद्धच्या कटात सापडला, शिरा कापून मरायची आज्ञा, वय २५. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की रक्त जाताना स्वतःच्याच कवितेतल्या मरणाऱ्या सैनिकाच्या ओळी म्हणत होता.

कैरीचं पन्हं

टॅसिटसनेच हेही लिहिलंय ना, की त्याआधी चौकशीत त्याने आपल्या आईचं नाव घेतलं होतं? पुन्हा बाई. चालू द्या.

तिसरी घंटा

...हो. लिहिलंय. मी मुद्दाम गाळलं होतं.

उंटावरचा शहाणा

अवांतर: स्टोइक गटातला मला आवडतो तो पर्सियस. सहाच सटायर लिहिल्या आणि २८व्या वर्षी गेला. पाचवीत एक माणूस सकाळी घोरत पडलाय. हाव येऊन म्हणते, ऊठ! नाही उठत. ऊठ! उठून करू काय? विचारतोस काय, जा, माल आण, तहानलेल्या उंटावरून ताजी मिरी उतरवून घे, सगळ्यांच्या आधी! तो कसाबसा निघतो तर चैन त्याला बाजूला घेऊन म्हणते, वेड्या, कुठे पळतोस, मजा कर, मरण लक्षात ठेवून जग. दोघीही मालकिणीच, पळशील तिकडे गुलामच.

तर ती मिरी आपल्या मलबारची! जहाजाने तांबड्या समुद्रापर्यंत, तिथून उंटावरून वाळवंट ओलांडून नाईल, मग रोम. माझ्या आयडीतला उंट आता सार्थकी लागला.

सुपारीलवंग

त्याच व्यापारात आपलं सोपारं आणि कल्याणपण होतं, पेरिप्लस या सागरी व्यापारावरच्या जुन्या ग्रीक पुस्तकात दोघांची नावं आहेत. आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी काशाची मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, लहानपणी सहलीला बघितलेली. तेव्हा मला वाटलं आमचाच कुणीतरी पैलवान.

बिनसाखरेचा

नवीन आहे, वय २४. जिममध्ये भिंतीवर "निरोगी शरीरात निरोगी मन" लिहिलंय, ट्रेनर म्हणतो रोमन मोटिव्हेशन आहे. खरं का?

पिंपळपान

रोमन कवी जुव्हेनलची दहावी सटायर. पण संदर्भ व्यायामाचा नाही, देवाकडे मागायचंच असेल तर काय मागावं याचा आहे. सत्ता, पैसा, दीर्घायुष्य, रूप यातलं जे जे मागून मिळालं त्यानेच लोक कसे बुडाले हे ३४०-३५० ओळी सांगून झाल्यावर म्हणतो, एवढंच मागा. बायसेप्सचा उल्लेख नाही.

बिनसाखरेचा

ट्रेनरला सांगणार नाही. फी भरलीये वर्षाची.

दुसरी पाळी

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी नर्स आहे, रात्रपाळीला असते. मागच्या वर्षी आई गेली. कुणीतरी ल्युक्रेशियसचा तिसरा भाग पाठवला, बरं वाटेल म्हणून. आपण जन्मायच्या आधीच्या काळाचं आपल्याला दुःख आहे का, नाही, मग मेल्यानंतरच्या काळाचं कशाला. मरण आपलं कुणीच लागत नाही. बरोबर असेल. मरणाऱ्याला उपयोगी पडेलही. मागे राहणाऱ्याला काय?

पण त्याच भागात एक जागा आहे. लोक रडताना काय म्हणतात ते तो सांगतो, की आता तुझं हसरं घर तुझं स्वागत करणार नाही, गुणी बायको नाही, पहिला पापा कोण घेतो म्हणून पोरं धावत येणार नाहीत आणि तुझ्या छातीत ती मुकी गोडी भरून येणार नाही. हे लिहिलंय खोडून काढायला. पुढे लगेच म्हणतो, पण तुला त्यांची ओढही उरणार नाही, हे ते का सांगत नाहीत. मला पुढची ओळ आठवत नाही राहत, ही राहते. ज्याला पोरांचं धावत येणं असं लिहिता येतं तो काठावर उभा नव्हता.

दुसऱ्या भागात गाय पण आहे. तिचं वासरू देवळात बळी दिलंय आणि ती रानभर त्याच्या खुरांचे ठसे शोधत हिंडते, पुन्हा पुन्हा गोठ्यात येऊन बघते, गवत नको, नदी नको, दुसरी वासरं दिसली तरी मन रमत नाही. हे त्याने कशासाठी घातलंय माहितीये? प्रत्येक प्राण्याचा आकार वेगळा असतो म्हणून आई ओळखते, तसे अणूंचेही आकार वेगळे, एवढं सांगायला. अणू मी विसरले.

कैरीचं पन्हं

दुसरी पाळी, ❤️ मी काठावरून खाली उतरले.

गोडी छाटणी

गाईचं खरं आहे. आमची एक तीन दिवस हंबरत होती.

तिसरी घंटा

मग इनियसचा शेवटही तसाच नाही का? सहाव्या सर्गात पाताळात जाऊन बापाकडून उपदेश घेतो, शरण आलेल्याला सोड, मस्तवालांना झोडप. आणि बाराव्यात शत्रू टर्नस जखमी होऊन हात जोडतो, हा थांबतोसुद्धा, पण इनियसच्या पोरसवदा साथीदार पॅलसला मारून टर्नसने लुटलेला पट्टा खांद्यावर दिसतो, आणि संतापाने पेटून तलवार छातीत. काव्य तिथेच खलास, पुढे ना अंत्यविधी ना लग्न. स्टोइकांच्या हिशोबाने नापास.

पिंपळपान

स्टोइकांकडे नापास, पण त्या काळच्या एपिक्युरियनांत फिलोडेमसने रागावर आख्खं पुस्तक लिहिलंय आणि त्यात जो टाळता येत नाही असा स्वाभाविक राग मान्य केलाय. त्यामुळे पास करणारेही आहेत. मी अजून पेपर तपासतोय.

आणि धागाकर्ते, मूळ प्रश्नाबद्दल. तुमचं ते खांद्यावरचं चित्र, त्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही. बाप आधी यायला तयारच नव्हता. अँकायसीस म्हणाला होता, मला इथेच राहू द्या, तुम्ही जा. हट्टच धरून बसला. नातवाच्या डोक्यावर ज्योत दिसली तेव्हा कुठे उठला. आणि खांद्यावर बसल्यावर रिकामा नव्हता तो, घरचे देव त्याच्या हातात होते. इनियसचे हात रक्ताने माखलेले, त्याला शिवता येत नव्हते.

ओसरीवरचा

काल रात्री हे वरचं सगळं बाबांना वाचून दाखवलं, क्रेउसापासून गाईपर्यंत. बाबा म्हणजे रेल्वेतून रिटायर, कविता-बिविता नाही. सगळं ऐकून घेतलं. अँकायसीसच्या हट्टापाशी हसले. म्हणाले, बरोबर आहे, त्याला विचारलंच नसणार कुणी आधी. मग म्हणाले, मला कुठे न्यायचं नाहीये तुला, मी देवळापर्यंत चालत जातो. फॉर्मचं तू आणि सूनबाई ठरवा. आणि रात्री बाराबारा वाजेपर्यंत लाईट चालू ठेवतोस ती बंद करत जा, माझ्या खोलीत उजेड येतो.

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. बायकोला विचारायचं राहिलंय, उद्या विचारतो.

कैरीचं पन्हं

उद्या?? आत्ता विचारा!

हिशोबनीस

आणि विचारून झालं की रक्कम एकरकमी मिळणारे की हप्त्याने ते व्यनि करा. करात फरक पडतो.